चाळीस वळणं आणि चमचाभर दही

२६ जानेवारी, रविवार. दुपार.

शाळेतलं झेंडावंदन उरकून घरी आलो. मुलांना वाटलेल्या चॉकलेटांतलं एक माझ्याच हातात वितळलं. बोटं चिकट. अशा घाणेरड्या अवस्थेत दारात पाहतो तर धाकटी बहीण. वेण्णिला. मुन्नारहून पोल्लाचीला, चार वर्षांनी.

तबकात विडा, कुंकू, फुलं घेऊन रीतसर बोलवायला आली होती. तिच्या धाकटीचे, याळिनीचे, कान टोचायचे आहेत. ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी नऊ ते साडेदहाचा मुहूर्त. मूल मामाच्या मांडीवर बसणार, मग सोनार सुई लावणार. मामा म्हणजे मी. वेण्णिलाला सख्खा भाऊ एकच.

म्हणाली, अण्णा, थोरल्या कदिरच्या वेळी सोनार दीड तास सुई धरून बसला होता. शेवटी पोराला सेल्लदुरैच्या मांडीवर द्यावं लागलं. या वेळी नऊला तू नसलास तर मला भाऊ नाही असं मी धरून चालेन.

कॉफी अर्धीच प्यायली आणि गेली.

सेल्लदुरै आमचा चुलत भाऊ. मुन्नारला जीप चालवतो. दर वाक्याला हसतो आणि हसताना हिरड्या दिसतात. त्याच्या मांडीवर माझा भाचा बसला होता हे आठवलं की अजून हात धुवावेसे वाटतात.

संकल्प: या वेळी आदल्या दिवशीच पोचायचं.

२८ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळ.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट इथे लिहिणार नाही.

थोडक्यात: सरळ रस्त्यानं गेलो होतो. उदुमलैच्या पुढे इंजिनाचा पट्टा तुटला. संध्याकाळी पोचलो. पट्टा बदला म्हणून मेकॅनिकनं आधी तीनदा सांगितलं होतं, त्याचा इथे संबंध नाही. दोष रस्त्याचा होता. सरळ रस्ता माणसाला बेसावध करतो.

म्हणून रस्ता नव्यानं निवडायला घेतला. बावीस वर्षं भूगोल शिकवतो आहे. बाकीच्या स्टाफला फोन वाचता येतो, मला नकाशा वाचता येतो.

रस्ता पहिला: पोल्लाची, उदुमलै, मरैयूर, मुन्नार. एकशेदहा किलोमीटर, साडेतीन तास. सगळं जग जातं. खिडकीतून केळीची सालं फेकणारं जग.

रस्ता दुसरा: पोल्लाची, आळियार, चाळीस हेअरपिन वळणं, वालपारै, चहाचे मळे, घनदाट जंगल, धबधबा, चालकुडी, मुन्नार. अंतर थोडं जास्त आहे.

पूंगोदैनं (बायको) विचारलं, थोडं म्हणजे किती? म्हटलं, एकूण पावणेतीनशे. ती शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, अहो, कान टोचायला जायचंय की पाठीचे मणके मोजायला?

सौंदर्यदृष्टी नसलेल्या माणसाबरोबर एकोणीस वर्षं काढली. कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार.

आज एक गोष्ट उघड झाली. मी ती आधी पाहिली नव्हती. पूंगोदै म्हणते की आधी पाहिली होती. नव्हती.

भिंतीवरच्या रोजच्या कॅलेंडरची पुढची पानं सहज चाळली. ८ तारखेला शनिवार. शनिवारी दिशाशूल पूर्वेला, म्हणजे त्या दिशेला प्रवास अशुभ. आणि उदुमलै आमच्या घरापासून नेमकं पूर्वेला.

मी हे मानत नाही. विज्ञान शिकलेला माणूस आहे. पण चार वर्षांपूर्वी आम्ही सोमवारी निघालो होतो आणि सोमवारीही शूल पूर्वेलाच असतो. ही केवळ नोंद आहे.

पूंगोदै म्हणाली, मग त्याच पानावर खाली उपायही छापलाय की. पूर्वेला जायचं तर चमचाभर दही खाऊन निघायचं. सगळं गाव दही खातं आणि उदुमलैच्या बसमध्ये बसतं. तुमच्या एका चमच्यासाठी आपण दोन राज्यं फिरायची का?

दही.

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून स्पष्ट लिहितो. दही म्हणजे नासलेलं दूध. ते थरथरतं. त्यावर हिरवट पाणी सुटतं. सात वर्षांचा असताना आजीनं नाक दाबून भरवलं होतं आणि मी तिच्या नव्या लुगड्यावर ओकलो होतो. त्यानंतर आजतागायत नाही. लग्नाच्या पंक्तीत शेवटचा दहीभात येतो तेव्हा माझं पान दुमडलेलं असतं. अख्ख्या पोल्लाचीत असा मी एकटाच आहे, याची मला लाज नाही.

तरी रस्ता मी दह्यामुळे निवडलेला नाही. देखाव्यामुळे निवडला आहे. वालपारै दक्षिणेला आहे आणि शनिवारी दक्षिणेला कॅलेंडरची हरकत नाही, हा योगायोग.

२ फेब्रुवारी, रविवार.

आमच्या घरात मूल नाही. मांडीला सवय नाही. याळिनी तीन वर्षांची आहे, बारा किलो असावी. सुई टोचताना ती हिसका देणार. मामाची मांडी हलली तर भोक वाकडं पडतं आणि पोरगी जन्मभर मामाला नावं ठेवते.

म्हणून बारा किलो तांदूळ पिशवीत भरून मांडीवर घेऊन बसलो. मांडी घालून, ताठ. दहा मिनिटांनी डाव्या पायाला मुंग्या. पंचवीस मिनिटं टिकलो.

पूंगोदैनं दारातून पाहिलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. आत जाऊन दुसरी उशी घेऊन आली आणि म्हणाली, गुडघ्याखाली घ्या.

५ फेब्रुवारी, बुधवार.

कर्णफुलं घेतली. फुलाच्या आकाराची, मध्ये लाल खडा. पूंगोदैनं निवडली. मी निवडली होती ती तिच्या मते म्हशीला शोभली असती.

मामाकडच्या आहेराची अकरा ताटं तयार. नारळ, केळी, गूळ, बांगड्या, रेशमी परकर, बाहुली, मिठाई वगैरे. प्रत्येक ताट चकचकीत प्लास्टिकच्या कागदात बांधून वर लाल रिबीन. दोन संध्याकाळी लागल्या. सेल्लदुरैनं गेल्या वेळी ताटं वर्तमानपत्रानं झाकून आणली होती म्हणे. शी.

स्टाफरूममध्ये माझा रस्ता सांगितला. गणिताच्या बाई म्हणाल्या, सर, पण चालकुडीहून मुन्नार पूर्वेलाच ना हो? मग शूल तिथे लागत नाही का?

लागत नाही. शूल घराच्या उंबऱ्यापासून मोजतात. हे मी लगेच सांगितलं. म्हणजे मधल्या सुट्टीनंतर सांगितलं.

गणितवाल्यांचा मला तिटकारा आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

पूंगोदैचा शेवटचा प्रयत्न. म्हणाली, आज शूल पश्चिमेला आहे, आज पूर्वेला जायला कुणाची आडकाठी नाही. बॅग भरलेली आहे. सहाची बस पकडू, जेवायला वेण्णिलाकडे.

दोन रात्री मेहुण्याच्या घरी? त्यांची न्हाणीघराची कडी लागत नाही. आणि बस. पुढच्या माणसाच्या डोक्याचं तेल लागलेली सीट. मला नुसत्या विचारानं शिसारी आली. नाही म्हणून सांगितलं.

उद्याचा बेत: आठला प्रस्थान. अकराला वालपारै. दोनला धबधबा, तिथे डबा. सातला मुन्नार. वेण्णिला दारात उभी असेल. मी घड्याळाकडे बघणार नाही, तिलाच बघू देईन.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.१०.

निघालो नाही.

ताटं डिकीत मावेनात. सात मागच्या सीटवर, चार पूंगोदैच्या पायाशी. मग चाकांखाली लिंबं ठेवायची तर घरात तीनच. चौथं आणायला गेलो. आलो तर नऊला पाच कमी. नऊला राहुकाळ लागतो.

पूंगोदै म्हणाली, पाच मिनिटं आहेत, चला. मी म्हटलं, घाई ही अपघाताची आई आहे. आता साडेदहापर्यंत गाडीबाहेर बसून आहे. मी राहुकाळ मानत नाही. इंजिन गार असलेलं बरं.

दुपारी १२.५०. आळियारचं जंगल चेकपोस्ट.

पेन दाबून लिहितो आहे, रागानं.

जंगलात प्लास्टिक न्यायला बंदी. योग्यच आहे. मी स्वतः यावर निबंध लिहायला देतो. पण अकरा ताटं! गार्डनं काचेतून पाहिलं आणि म्हणाला, सर, हे सगळं चकचकीत उतरवा. मी म्हटलं, हा मामाचा आहेर आहे. तो म्हणाला, मीही तीन पोरींचा मामा आहे सर, माझा आहेर असता तरी उतरवला असता.

एकेक रिबीन सोडली. रांगेतले पर्यटक फोटो काढत होते. एकानं विचारलं, लग्न कुणाचं आहे काका? गूळ मोकळा झाला तशा माशा आल्या. पूंगोदैनं पदरानं वारा घातला. 

दुपारी २.००. नववं वळण.

घडलं ते घाण आहे, लिहिणं भाग आहे. पूंगोदैला पाचव्या वळणावर मळमळलं. सातव्या वळणावर मी तिला दरीचा व्ह्यू दाखवत होतो तेव्हा ती ओकली. केळ्यांच्या ताटात नाही, देवाची कृपा. माझ्या उजव्या चपलेत.

मी एवढंच म्हटलं की वळणावर आत बघायचं नसतं, क्षितिजाकडे बघायचं असतं.

तिनं नवव्या वळणावर गाडी थांबवायला लावली. तोंड धुतलं. पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाली, अजून एकतीस. मग शांतपणे मागच्या सीटवर पाच मिनिटं काहीतरी आवरत बसली. खाली जाणारी पोल्लाचीची बस आली, तिला हात केला आणि चढली. दारातून म्हणाली, अहो, तुम्ही देखावा बघत या.

घरी गेली असणार. एका अर्थी बरं झालं. मामा मी आहे. मामी पोचली नाही तरी सुई टोचता येते.

संध्याकाळी ४.४५. वालपारै.

बेतापेक्षा पावणेसहा तास उशीर. पण देखावा! चहाचे मळे. धुकं. पूंगोदैला फोन लावला, उचलत नाही. रुसली आहे.

एका वळणावर फोटोसाठी उतरलो. दोन मिनिटं. काच चार बोटं उघडी होती. परत आलो तर गाडीत माकडं. चार. एक ड्रायव्हरच्या सीटवर बसून माझ्या डब्यातला लिंबूभात खात होतं. माझ्याकडे बघून दात विचकले. हुबेहूब सेल्लदुरै.

केळी गेली. मिठाई गेली. बाहुलीचं डोकं गेलं.

संध्याकाळी ७.१५. वालपारै, लॉज.

केरळच्या हद्दीवरचं फाटक बंद. सहाला बंद होतं. माझ्या घड्याळात सहाला पाच कमी होते, गार्डच्या घड्याळात सहा वाजून दोन. सरकारनं घड्याळं जुळवून द्यावीत.

म्हणाला, उद्या सकाळी सहाला या. मी म्हटलं, उद्या नऊला माझ्या भाचीचे कान टोचायचे आहेत मुन्नारला. त्यानं फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाला, मुन्नारला? या बाजूनं?

त्याच्या स्वरातली कीव मला सहन झाली नाही. वालपारैला परत. लॉजची चादर ओलसर, उशीला दुसऱ्याच्या शाम्पूचा वास. वर्तमानपत्र अंथरून बसलो आहे.

रात्री ८.३०.

कर्णफुलांची डबी रिकामी.

पुन्हा पाहिली. रिकामी. रेशमी परकरही ताटात नाही.

माकडं.

लगेच जवळच्या चेकनाक्यावर गेलो. दोन पानी तक्रार लिहून दिली, वळणाचा नकाशा काढून, उत्तर दिशेच्या बाणासह. तिथला म्हातारा गार्ड म्हणाला, सर, माकड सोनं खात नाही. मी म्हटलं, त्यानं परकरही नेलाय. तो म्हणाला, डबीचं झाकण पुन्हा लावून ठेवणारं माकड मी तीस वर्षांत पाहिलं नाही.

अडाणी माणूस. तक्रारीची पोच मात्र घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.०५.

फाटक उघडलं, पहिली गाडी माझी. हिशेब: नऊला चालकुडी. मुहूर्त साडेदहापर्यंत आहे. चालकुडी ते मुन्नार साधारण चार तास. जोरात हाकली तर

हिशेब नंतर करीन.

सकाळी ९.००. जंगलातला रस्ता.

हत्ती. एकच, पण रस्त्याच्या मधोमध. पाऊण तास झाला. मागे चौदा गाड्या. तो बांबू खातो आहे. सावकाश. पानं सोलून. मागचा ड्रायव्हर म्हणतो, हॉर्न वाजवलात तर मी आधी तुम्हाला मारीन.

मघाशी ब्रेक दाबला तेव्हा नारळाचं ताट पुढे घसरलं, ते मी मांडीवर घेतलं आहे. आत्ता नऊ वाजले. माझ्या मांडीवर पाच नारळ आहेत. पाठ ताठ आहे, पायाला मुंग्या नाहीत. तांदळानं चांगली सवय झाली होती.

फोनला रेंज नाही. असती तरी काय बोलणार होतो?

संध्याकाळी ५.००. मुन्नार.

सगळं क्रमानं लिहितो.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. मांडव उतरवत होते. सेल्लदुरै शिडीवर. हसला. म्हणाला, या अण्णा, कुठल्या बाजूनं आलात? मी गाडीचं मागचं दार उघडलं. दोन ताटं काढली. एकात नारळ, दुसऱ्यात डोकं नसलेली बाहुली.

व्हरांड्यात पूंगोदै बसली होती.

तिच्या मांडीवर याळिनी. अंगात आमचा परकर. कान सुजून लाल आणि त्यात लाल खड्याची फुलं.

माकडांबद्दलचं मत मागे घेतो.

काल ती घरी गेलीच नव्हती. पोल्लाची स्टँडवर उतरून समोरच्या हॉटेलात चमचाभर दही मागून खाल्लं, पळत जाऊन उदुमलैची बस धरली, तिथून मुन्नारची. आठला इथे. कर्णफुलं पदराच्या गाठीत. बसमध्ये तिला मळमळलं नाही म्हणते. सरळ रस्ता होता म्हणते.

सकाळी नऊला सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. साडेनऊला पाहिलं. दहाला सेल्लदुरै मांडी घालून बसला. याळिनी त्याच्या हिरड्या बघून पळाली आणि पूंगोदैच्या मांडीत शिरली, ती निघेना. म्हातारे म्हणाले, बाईमाणूस मामा कसं होईल? त्यावर वेण्णिला म्हणाली, जे वेळेवर आलं ते मामा. सोनारा, टोच. पूंगोदैनं खांद्यावर टॉवेल टाकला, पुरुषासारखा. पोरगी हलली नाही. भोकं सरळ पडली आहेत. मी जवळून पाहिली.

मी वाकून पाहत होतो तेव्हा याळिनीनं विचारलं, मामा, हे कोण?

मला वाटलं ती मलाच हाक मारते आहे. ती पूंगोदैला विचारत होती. ज्याच्या मांडीवर कान टोचतात तो मामा, असं तिला पंधरा दिवस पढवलं होतं.

पूंगोदैनं माझ्याकडे पाहिलं. चपलेवर अजून डाग होता. म्हणाली, हे मामाचे ड्रायव्हर.

वेण्णिलानं पान मांडलं. जेवणं दोनला संपली होती. सांबार खरवडलेलं, पायसम संपलेलं, पातेली घासायला बाहेर. एकाच भांड्यात काहीतरी उरलं होतं. ती ते घेऊन समोर उभी राहिली. दहीभात.

काल सकाळपासून लॉजच्या एका इडलीखेरीज पोटात काही नव्हतं. पण त्यासाठी खाल्ला नाही. ती उभी होती आणि तिचे डोळे सुजले होते, पोरीच्या कानांसारखे. मी पहिला घास घेतला. थंड. आंबट. घशात अडकला, डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घेतला. मी म्हटलं, वेण्णिला, चुकलो. तिनं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. पान रिकामं होईपर्यंत हलली नाही, आणि मग तिनं पुन्हा वाढला.

१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ. पोल्लाची.

सरळ रस्त्यानं परत आलो. तीन तास चाळीस मिनिटं. चहाचे मळे, मग मरैयूरची चंदनाची झाडं, मग अभयारण्यात हरणं, लांबवर एक धबधबा. पूंगोदै दोनदा गाडी थांबवून उतरली. तिला मळमळलं नाही. या रस्त्याला असा देखावा आहे हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. पूंगोदै म्हणते, सांगितलं होतं.

निघताना वेण्णिला फाटकापर्यंत आली. म्हणाली, पोहोचलास की फोन कर. चार वर्षांत प्रथमच म्हणाली.

याळिनी तिच्या कडेवर होती. तिनं पूंगोदैचे दोन्ही गाल धरले, म्हणाली, मामा, परत ये. मग गाडीला वळसा घालायला लावून माझ्या खिडकीशी आली. मी काच खाली केली.

म्हणाली, ड्रायव्हर, हळू चालव. आत माझा मामा आहे.

हळू चालवली.